गाडी नसलेलं इंजिन : वाफेच्या काळात अमेरिकेत यार्डातून राऊंडहाऊसपर्यंत इंजिन कोण न्यायचं?

धुरांडी
अमेरिकन रेल्वेबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक वेगाबद्दल, घाटांबद्दल नाहीतर अवाढव्य इंजिनांबद्दल. मला लिहायचंय ते इंजिन गाडीपासून सुटं झाल्यानंतरच्या मैल-दीड मैलाबद्दल. गाडी यार्डात पोचली, डबे सोडले, आता एकट्या इंजिनाला राऊंडहाऊस, म्हणजे इंजिनांची गोल शेड, गाठायचंय. अंतर थोडं आणि वेग माणसाच्या चालण्याइतका. पण अख्ख्या प्रवासात इंजिन जेवढ्या हातांतून गेलं नसेल तेवढ्या हातांतून या टप्प्यात जायचं. आणि प्रत्येक हात बदलताना जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली हे पक्कं ठरलेलं असायचं. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

लांब पल्ल्याची गाडी तेव्हा एकाच इंजिनाने शेवटपर्यंत क्वचितच जायची. साधारण १०० ते १५० मैलांवर डिव्हिजन संपायची. तिथे इंजिन बदलायचं, माणसंही बदलायची. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी यार्ड, आणि यार्डाच्या कडेला राऊंडहाऊस. मधे टर्नटेबल (इंजिन वर घेऊन गोल फिरणारा रुळाचा तुकडा), भोवती अर्धगोल किंवा पूर्ण गोल इमारत, आणि इंजिन उभं करायचे गाळे चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर फाकत गेलेले.

डबे सुटले की ड्रायव्हर आणि फायरमन इंजिन घेऊन ठरवून दिलेल्या रुळावर यायचे. मोठ्या यार्डात वाट दाखवायला वेगळा माणूस असे. तो इंजिनाच्या पायरीवर उभा राहून सोबत यायचा आणि पुढचे सांधे बदलत जायचा. त्याला हर्डर म्हणत. ठरलेल्या रुळावर इंजिन उभं केलं की ड्रायव्हरने दोषांची नोंद लिहून द्यायची : अमुक बेअरिंग गरम होतंय, डावा इंजेक्टर नीट पाणी घेत नाही, ब्रेकची हवा गळतेय. सही केली की ड्रायव्हर मोकळा. तिथून इंजिन होस्टलरच्या ताब्यात.

होस्टलर म्हणजे इंजिनाच्या आवारात इंजिनं हलवणारा माणूस. मुख्य मार्गावर गाडी ओढायचं काम त्याचं नाही, पण दिवसभरात त्याच्या हाताखालून जेवढी वेगवेगळी इंजिनं जात तेवढी एखाद्या ड्रायव्हरच्या वाट्याला महिन्यातही येत नसतील. तो इंजिन कोळशाच्या मनोऱ्याखाली न्यायचा, वाळू भरून घ्यायचा (चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर सोडायला ती लागायची), पाण्याच्या खांबाशी टेंडर (इंजिनामागची कोळशा-पाण्याची गाडी) भरायचा आणि राखेच्या खड्ड्यावर भट्टी साफ करायला उभा राहायचा. क्रम जागेनुसार बदले.

यातली एक गोष्ट जरा बारकाईने सांगतो. भट्टीतला विस्तव काढून टाकायचा असेल, तर होस्टलर त्याआधी बॉयलरमध्ये पाणी चढवून घ्यायचा. इंजेक्टर चालतो वाफेच्या दाबावर. दाब उतरला की पाणी आत ढकलायचं साधनच उरत नाही, आणि बॉयलर थंड होत गेला की आतल्या पाण्याची पातळी खाली येते. म्हणजे पाणी आधी, मग विस्तव बाहेर. आणि विस्तव गेल्यावर शिल्लक वाफेवरच खड्ड्यापासून टर्नटेबलापर्यंत आणि टेबलावरून गाळ्यापर्यंत जायचं. वाटेत दुसऱ्या इंजिनामागे खोळंबा झाला, तर तेवढी वाफ वाया. त्यामुळे पुढचा रूळ मोकळा आहे याची खात्री केल्याशिवाय शहाणा होस्टलर विस्तव पाडत नसे.

टर्नटेबलाबद्दल आणि नियमांबद्दल लिहायचं बाकी आहे, पण जाणकारांनी भर घातली तर चांगलंच.

---

मेघना_पु
छान धागा. पण विस्तव पूर्ण विझलेल्या इंजिनाचं काय? दुरुस्ती करून उभं आहे, वाफ शून्य. ते गाळ्यातून बाहेर कसं यायचं?

---

पान्हा
मेघनाताई, त्याचे बरेच मार्ग होते. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे लहान शंटिंग इंजिन लावून ओढायचं किंवा ढकलायचं. अडचण टर्नटेबलाची. दोन्ही इंजिनं टेबलावर मावली पाहिजेत, नाहीतर ढकलणाऱ्याने काठावरच थांबायचं आणि मेलेलं इंजिन नेमकं हवं तिथे थांबवायचं. त्याच्या ब्रेकला स्वतःची हवा नसते, कारण हवेचा पंपच वाफेवर चालतो. म्हणून एक माणूस चाकाखाली ठोकळा घालायला तयार ठेवत.

लांबवर ओढत न्यायचं असेल तर ब्रेकच्या यंत्रणेत त्यासाठी खास जोडणी होती. पुढच्या इंजिनाच्या ब्रेकपाइपमधून मेलेल्या इंजिनाच्या टाकीत हवा भरायची आणि त्याचे ब्रेक बाकी गाडीबरोबर लागायचे. अशा प्रवासाआधी पिस्टनचा जोर चाकांपर्यंत नेणारे मुख्य दांडे काढून ठेवायचीही पद्धत होती, म्हणजे पिस्टन कोरडे घासत नाहीत.

काही राऊंडहाऊसमध्ये वाफेची सोय बाहेरून होती. इमारतीच्या मध्यवर्ती बॉयलरमधून गाळ्यापर्यंत नळ यायचा, त्यातून गरम पाणी आणि वाफ इंजिनाच्या बॉयलरमध्ये भरायचे. भट्टीत काडीही न पेटवता इंजिन स्वतःच्या चाकांवर बाहेर यायचं आणि विस्तव बाहेर गेल्यावर घालायचा. इमारतीत धूर नाही, हा मोठाच फायदा.

आणि दोन-चार इंच सरकवायचं असेल तर लांब पहार. तिचं टोक चाक आणि रूळ यांच्या फटीत घालून दाबलं की शंभर टनांचं इंजिनही तसूतसूने सरकतं. व्हॉल्व्हची जुळणी करताना चाक नेमक्या जागी आणायला हेच करत.

---

सांधेवाला
धुरांडी, नियमांचं मी लिहितो. माझा आवडता विषय आहे.

अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या प्रमाण नियमावलीत ‘ट्रेन’ची जी व्याख्या होती तिच्यात डबे असलेच पाहिजेत असं नव्हतं. एक इंजिन, किंवा एकमेकांना जोडलेली जास्त इंजिनं, डब्यांसह किंवा डब्यांविना, पण मार्कर लावलेली : ही ट्रेन. मार्कर म्हणजे शेपटीला लावायच्या खुणेचे दिवे किंवा झेंडे. म्हणजे एकटं इंजिन मार्कर लावून मुख्य मार्गावर निघालं की नियमाने ती पूर्ण गाडी. वेळापत्रकात तिचं नाव नसेल तर ती ‘एक्स्ट्रा’, पुढे पांढरे झेंडे, रात्री पांढरे दिवे, आणि डिस्पॅचरचा, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्याचा, लेखी हुकूम हातात असल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. हुकमात तिची ओळख इंजिनाच्या क्रमांकाने आणि दिशेने.

तेच इंजिन यार्डाच्या हद्दीत असेल तर गोष्ट वेगळी. यार्डाच्या हद्दीच्या पाट्या रुळाकडेला लावलेल्या असत. त्यांच्या आत ९३ क्रमांकाचा नियम लागू. पहिल्या वर्गाच्या, म्हणजे वेळापत्रकात सगळ्यात वरचा मान असलेल्या, गाड्यांची वेळ सांभाळून इंजिनांनी मुख्य मार्गही वापरायचा, वेगळा हुकूम लागत नाही. पण समोरचा मार्ग मोकळा दिसत किंवा माहीत नसेल तर थांबता येईल अशाच बेताने चालायचं. राऊंडहाऊस आणि यार्ड यांच्यात इंजिनांची रोजची ये-जा चालायची ती या नियमाच्या आधारावर. प्रत्येक फेरीला डिस्पॅचरकडून हुकूम घ्यायचा म्हटलं असतं तर तारयंत्र तुंबलं असतं.

म्हणूनच होस्टलरचे दोन प्रकार पडले. आतला होस्टलर राऊंडहाऊसच्या आवारापुरता. बाहेरचा होस्टलर मुख्य मार्गावरून स्टेशनपर्यंत किंवा दुसऱ्या यार्डापर्यंत इंजिन नेऊ शकत असे, आणि त्यासाठी त्याला गाड्या चालवण्याचे नियम यावे लागत. पगारही त्याला जास्त.

आता निळा झेंडा. इंजिनाच्या एका किंवा दोन्ही टोकांना दिवसा निळा झेंडा, रात्री निळा दिवा असेल, तर खाली किंवा आसपास माणसं काम करताहेत. ते इंजिन जोडायचं नाही, हलवायचं नाही. आणि ज्या कामगारांनी तो लावला त्यांनीच तो काढायचा. फोरमनने सांगितलं, होस्टलरला घाई आहे, गाडीला उशीर होतोय, यातलं काहीही कारण चालत नाही. हा नियम आजही जिवंत आहे. अख्ख्या नियमावलीत माणसाचा जीव इतक्या थेट शब्दांत राखणारा दुसरा नियम मला सापडलेला नाही.

---

निशाण
सांधेवाला +१. घंटेचंही सांगा ना. इंजिन हलायच्या आधी घंटा वाजवायची सक्ती होती. राऊंडहाऊसच्या गोंगाटात दुसरा इशारा कामाचा नव्हता.

---

सांधेवाला
हो, तीही नियमातच. शिवाय हाताचे किंवा कंदिलाचे इशारे. रुळाला आडवा हलवला तर थांब, वर-खाली केला तर पुढे, उभ्या वर्तुळात फिरवला तर मागे. आणि इशारा देणारा माणूस दिसेनासा झाला की लगेच थांबायचं. वाफ आणि धुक्याच्या रात्री हे शेवटचंच फार महत्त्वाचं.

---

अण्णा_ग
एक शंका. ड्रायव्हर स्वतःच इंजिन गाळ्यात का नेत नव्हता? शंभर मैल आणलं, आणखी एक मैल जास्त काय?

---

धुरांडी
अण्णा, सुरुवातीच्या काळात तसंच होतं. प्रत्येक ड्रायव्हरला त्याचं इंजिन ठरवून दिलेलं असायचं. तो त्याची निगा राखायचा, पितळ चकाकत ठेवायचा, आणि तो विश्रांतीला गेला की इंजिनही गाळ्यात थांबायचं. कंपन्यांना हे परवडेना. माणसाला झोप लागते, इंजिनाला लागत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनं सामाईक करायची पद्धत आली : जे इंजिन आधी तयार, ते आधी बाहेर, आणि ज्याची पाळी त्या जोडीने ते न्यायचं. ड्रायव्हरांना हे मुळीच आवडलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. स्वतःच्या इंजिनाचा आवाज ओळखणाऱ्याला बिघाड फार लवकर कळतो. सामाईक इंजिनात ती ओळख संपली आणि तिची जागा लेखी नोंदीने घेतली. पुढे १९११ च्या बॉयलर तपासणी कायद्याने आणि १९१५ च्या दुरुस्तीने तपासणी आणि नोंद कायद्याचाच भाग झाली.

दुसरं कारण तासांचं. १९०७ च्या कायद्याने गाडीवरच्या माणसांना सलग १६ तासांपेक्षा जास्त कामावर ठेवायला बंदी आली. कोळसा, राख, पाणी, टेबलासाठी रांग, हे सगळं ड्रायव्हरने केलं तर त्याचे दोन-तीन तास तिथेच जायचे.

---

कंदील
तिसरं कारण पैशाचं, आणि ते सोडून चालणार नाही. रस्त्यावरच्या ड्रायव्हरची मजुरी मैलांवर मोजली जायची. इंजिनाच्या आवारात त्याने काढलेल्या वेळेचे मैल होत नाहीत. मग त्याचे वेगळे पैसे द्यायचे की नाही? करारात तयारीच्या वेळेचे आणि शेवटच्या ठिकाणी अडकलेल्या वेळेचे पैसे वेगळे लिहिले जाऊ लागले. होस्टलरचं काम ड्रायव्हरकडून करून घेतलं तर ड्रायव्हर हक्क सांगायचा, आणि होस्टलरही म्हणायचा की माझं काम दुसऱ्याला दिलं, माझी मजुरी द्या. होस्टलर बहुतेक फायरमनच्या संघटनेच्या करारात येत, ड्रायव्हरांची संघटना वेगळी. १९३४ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय लवादाच्या पहिल्या विभागाकडे इंजिन आणि गाडीवरच्या माणसांचे दावे जायचे, आणि इंजिन कुठल्या रुळापर्यंत कोणी न्यायचं यावरचे दावे त्यात भरपूर असत. रुळाच्या दोनशे फुटांवरून चाललेलं भांडण बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण त्या दोनशे फुटांत कोणाचं तरी पद टिकत होतं किंवा जात होतं. कामगारांनी ते नेटाने लढवलं, याबद्दल मला आदर आहे.

---

मेघना_पु
हे माहीतच नव्हतं. वाचतेय. टर्नटेबलाचं राहिलं.

---

पान्हा
टर्नटेबल माझ्याकडे. जुनी टेबलं मधल्या एका खुंटावर तोललेली असत. टेबलाची टोकं इंजिन चढता-उतरताना काठावर टेकायची, पण फिरवताना सगळं वजन मधल्या खुंटावर. म्हणजे होस्टलरने इंजिन अशा जागी थांबवायचं की दोन्हीकडे भार सारखा. तोल जमला की दोन-तीन माणसं लांब दांडे ढकलून अवाढव्य इंजिन फिरवायची. नाही जमला तर टेबल हलायचंच नाही, पुन्हा फूटभर पुढे, फूटभर मागे. आणि तोलाची जागा रोज सारखी नसते. टेंडर कोळशा-पाण्याने भरलेलं असेल तर भार मागे, रिकामं असेल तर पुढे. म्हणून मुरलेला होस्टलर टेंडरमध्ये किती पाणी आहे ते पाहूनच टेबलावर चढायचा.

नंतर हवेची आणि विजेची मोटर आली. काही ठिकाणी टेबलाची हवेची मोटर इंजिनाच्याच ब्रेकच्या हवेवर चालवत. पुढे टोकांच्या चाकांवरही भार घेणारी टेबलं आली आणि तोलाची कसरत संपली. इंजिनं लांबत गेली तशी टेबलंही. युनियन पॅसिफिकच्या १९४१ च्या ‘बिग बॉय’ची टेंडरसह लांबी १३२ फुटांवर होती, तिच्यासाठी १३५ फुटी टेबलं बसवावी लागली. जिथे टेबल नव्हतं तिथे त्रिकोणी रूळ वापरत. एका फाट्याने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि तोंड फिरलं.

---

शिट्टी_७
मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि सुटीच्या दिवशी वाफेच्या इंजिनांच्या एका संग्रहालयात मदतीला जातो. होस्टलिंग मला तिथे जवळून पाहायला मिळालं, म्हणून लिहितो.

सगळ्यात जास्त काळजी घेतात ती इंजिन उभं करून खाली उतरताना. थ्रॉटल (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद. मग पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्स लिव्हर मधल्या खाचेत, म्हणजे वाफ सिलिंडरमध्ये गेलीच तरी इंजिन कुठल्याच दिशेला नीट ओढ घेत नाही. मग सिलिंडरचे कॉक उघडे, म्हणजे झिरपलेली वाफ बाहेर जाते. ब्रेक लावलेला, आणि वर चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे. एवढं सगळं कशासाठी, तर थ्रॉटल बंद असला तरी त्याची झडप थोडी गळू शकते. तासाभरात सिलिंडरमध्ये पुरेसा दाब साठला, तोवर ब्रेकची हवाही गळून गेली, की इंजिन आपणहून निघतं. माणूस नसलेलं इंजिन टर्नटेबलाच्या खड्ड्यात पडण्याचे किंवा राऊंडहाऊसच्या भिंतीतून बाहेर जाण्याचे प्रकार वाफेच्या काळात असेच व्हायचे.

आणि पुन्हा निघताना कॉक उघडे ठेवून अगदी हळू. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळला तर सिलिंडरचं झाकण फुटतं. इंजिन निघताना दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सुटतात ते यामुळे. आमचा मुख्य होस्टलर चाकांच्या पहिल्या काही फेऱ्या कानांवर काढतो. फवाऱ्यातला पाण्याचा फडफडाट जाऊन कोरडी शीळ ऐकू आली की मगच कॉक बंद. त्याआधी चाक फिरायला लागल्याबरोबर ब्रेक लावून बघतो. ब्रेक धरतो हे स्वतः बघितल्याशिवाय तो टेबलाच्या दिशेने जात नाही, मग आधीच्या पाळीने काहीही सांगितलेलं असो.

---

धुरांडी
शिट्टी_७, मनापासून आभार. मला जे सांगायचं होतं ते तुमच्या शेवटच्या वाक्यात आलं.

---

अण्णा_ग
एकट्या इंजिनाच्या फेरीला लोक कमी लेखतात का? मोठा अपघात झाल्याचं कुठे नोंदलेलं आहे का?

---

सांधेवाला
आहे, आणि फार वाईट आहे. डिझेलच्या काळातला. ४ जानेवारी १९८७, मेरीलँडमधलं चेस. कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची तीन जोडलेली इंजिनं, मागे एकही डबा नाही, बाल्टिमोरच्या बे व्ह्यू यार्डातून पेनसिल्व्हेनियातल्या एनोला यार्डाकडे निघाली होती. म्हणजे आपल्या धाग्याचाच विषय, एका यार्डातून दुसऱ्या यार्डात इंजिनं नेणं. ती थांब्याचा सिग्नल ओलांडून अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या ‘कलोनियल’ गाडीच्या मार्गात गेली. ती गाडी ताशी १०० मैलांपलीकडच्या वेगात येत होती. १६ माणसं गेली. कॅबमधली धोक्याची शिट्टी चिकटपट्टीने दाबून ठेवलेली होती आणि इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढलेला होता, हे तपासात निघालं. सिग्नल ओलांडल्यावर आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हती.

यानंतर १९८८ चा रेल्वे सुरक्षा कायदा आला, आणि त्याखाली १९९१ मध्ये ड्रायव्हरांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्यात फक्त डब्यांविना इंजिनं हलवणाऱ्यांसाठीही वेगळा वर्ग आहे.

---

कंदील
पण सर्व्हिसिंगच्या आवारात, त्याच हद्दीत इंजिन हलवणाऱ्याला त्या प्रमाणपत्रातून सूट आहे, हेही लिहायला हवं.

---

सांधेवाला
बरोबर, आणि ती सूट मला पटते, कारण त्या हद्दीला वेगळं कुंपण आहे. आवारात शिरणाऱ्या रुळांवर सांधे कुलूपबंद किंवा डिरेल लावलेला असतो. डिरेल म्हणजे परवानगीशिवाय घुसलेलं चाक रुळावरून उतरवणारा लोखंडी तुकडा. आतला वेग ताशी ५ मैल ठेवला तर डिरेल कामाच्या जागेपासून ५० फुटांवर चालतो, नाहीतर १५० फूट लागतात. हद्द, वेग आणि निळा झेंडा अशा तीन गोष्टी मिळून तिथल्या माणसाला सांभाळतात. चेसची इंजिनं मात्र यार्ड सोडून वेगवान प्रवासी गाड्यांच्या मार्गावर आली होती. तिथे सूट द्यायचा प्रश्नच नाही.

---

मेघना_पु
आता डिझेलमुळे राऊंडहाऊसची गरजच संपली असेल ना?

---

पान्हा
बरीचशी. डिझेलला राख नाही, महिन्यातून एकदा तरी बॉयलर धुवायचा नियम नाही, आणि पाठीला पाठ लावून दोन इंजिनं जोडली की दोन्ही दिशांना तोंड, त्यामुळे टेबलही नको. आयताकृती, आरपार शेड आल्या. इंधन भरायच्या रुळावरच तपासणी उरकते. होस्टलर मात्र गेला नाही. तीन-चार इंजिनं जोडायची, त्यांच्यातले ब्रेकचे पाइप आणि विजेची केबल जोडायची, ब्रेक तपासायचा, तयार जोडी बाहेरच्या रुळावर लावायची, हे कोणी तरी करावंच लागतं.

---

निशाण
चालू टेबल बघायचं असेल तर कुठे जावं?

---

शिट्टी_७
स्क्रँटनला स्टीमटाउन आहे, राष्ट्रीय उद्यान विभागाचं. जुनी राऊंडहाऊस आणि टेबल दोन्ही तिथे आहेत. ओहायोत शुगरक्रीकला एज ऑफ स्टीमची राऊंडहाऊस आहे, या शतकात नव्याने बांधलेली, १८ गाळ्यांची. कोलोरॅडोतल्या डुरँगोला नॅरोगेजची वाफेची इंजिनं अजून गाडी ओढतात, तिथली राऊंडहाऊस १९८९ मध्ये जळाली आणि पुन्हा बांधली. डुरँगोला गेलात तर पहिली गाडी सुटायच्या बरंच आधी पोचा. रात्रपाळीचा होस्टलर इंजिनं तयार करून ड्रायव्हरच्या ताब्यात देतो ते तेव्हाच दिसतं.